आमच्याकडची प्रत

सोमवार, ४ मार्च

अर्थ अनिश्चित. हे दोन शब्द लिहायला त्या तपासणी केंद्राने सात आठवडे घेतले. चिंगीचा जनुकांचा अहवाल आज आला. ताईने तो मला फोनवर वाचून दाखवला, एकेक अक्षर सुटं करून. मी म्हटलं फोटो पाठव, तर म्हणे, "थांब ना, वाचतेय ना मी." वाचून झाल्यावर विचारलं, "म्हणजे काय गं?" म्हणजे काहीच नाही, ताई. म्हणजे त्यांनी हात झटकले.

तळपायाची आग मस्तकात गेलीय, म्हणून ही वही काढली. सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते. नाहीतर रागाच्या भरात मी अर्धं विसरते आणि उरलेलं अर्धं वाढवून सांगते, असं ताईच म्हणते.

चिंगी, माझी भाची, अकरा वर्षांची. जन्मली त्या आठवड्यापासून खोकते. कान फुटणं, नाक वाहणं, वर्षातून दोनदा तरी छाती भरणं. आजवर सहा डॉक्टर झाले. सर्दी, ॲलर्जी, दमा, पुन्हा ॲलर्जी. आता ही सातवी, छातीची डॉक्टर, तिशीतली. तिचं म्हणणं असं की पोरीच्या श्वासनळीतल्या पेशींवरचे बारीक केस हलत नाहीत. ते हलतात म्हणून तुमच्याआमच्या छातीतला कफ वर सरकतो. हिचा आतच साचतो आणि फुप्फुस हळूहळू निकामी होत जातं. हे सगळं त्या बाईने मागच्या भेटीत मला समजावून सांगितलं. मला. कागदावर चित्र काढून. "मावशी, सोप्या भाषेत सांगते हं." मी एकोणीस वर्षं तेच केस बघतेय. पाठ्यपुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात आणि त्या पुस्तकातला तो धडा मी लिहिलाय. तरी मूग गिळून बसले, कारण ताईने टेबलाखाली माझा हात दाबून धरला होता.

ते केस हलवणारं प्रथिन म्हणजे डायनीन. पेशीतली मोटरच ती. ते बनवणारी जनुकं बरीच आहेत, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून, एक आईकडून. त्यातल्या एका जनुकाची भावोजींकडून आलेली प्रत मध्येच तुटलेली आहे, हे नक्की. ताईकडून आलेल्या प्रतीत फक्त एक अक्षर बदललंय. ती प्रत चालत असेल तर पोरगी सुटली, खोकल्याचं कारण दुसरं काहीतरी. चालत नसेल तर जन्मभराचं दुखणं. आणि ती चालते का, याचं उत्तर ते केंद्र देतंय: अर्थ अनिश्चित.

आमच्याकडची प्रत चालते. मला खात्री आहे. आमच्या घरात कोणाला साधा दमा नाही.

गुरुवार, ७ मार्च

ताईकडे गेले ती नेमकी थोपटायच्या वेळी. डॉक्टरने सांगितलंय, अहवाल काहीही म्हणो, नक्की कळेपर्यंत दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याची वाफ आणि नंतर चाळीस मिनिटं पाठ-छाती थोपटायची, म्हणजे आतला कफ सुटतो. चिंगी दोन उशांवर पालथी, डोकं खाली. ताई तळहाताची वाटी करून एकसारखी मारत होती आणि मोजत होती. चिंगीचे डोळे भिंतीवर. मला बघून "आलीस?" एवढंच म्हणाली.

भावोजी दारात उभे. "एवढं बडवून निष्पन्न काय? काही सिद्ध झालंय का? तू एवढी शिकलीस, तूच सांग." ताईचा हात थांबला नाही, पण मोजणं सोडून ती मला म्हणाली, "तुझ्या त्या किड्यांमध्येही हेच असतं ना? मग तू बघ ना."

मग चिंगीने पालथ्या पडल्या पडल्याच विचारलं, "मावशी, ॲलर्जी नव्हतीच तर माझं मांजर का दिलंत?"

मांजर द्यायला मी सांगितलं होतं. पाच वर्षं झाली. पोरीने दोन दिवस जेवण सोडलं होतं. पण तेव्हाच्या डॉक्टरांनीही ॲलर्जीच म्हटलं होतं, मी एकटीने थोडंच म्हटलं. लोक सोयीस्कर तेवढं लक्षात ठेवतात.

येताना रस्ताभर डोकं भणभणत होतं. घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. टेट्राहायमेना, माझा एकपेशीय जीव, अंगभर हजारएक केस घेऊन पाण्यात सुसाट पळतो. त्याच्यातही हेच जनुक आहे आणि चिंगीत जे बदललंय ते मूळ अक्षर तिथेही आहे. चिंगीचं अक्षर त्याच्यात घालायचं. तो पळाला तर प्रत चांगली. लंगडला तर वाईट. इतकं सोपं. त्या केंद्राने सात आठवडे जे केलं नाही ते मी करून दाखवते.

मंगळवार, १९ मार्च

आज मारा केला. सोन्याच्या अतिबारीक कणांवर बदललेलं जनुक चढवायचं आणि दाबाच्या बंदुकीने पेशींवर मारायचं. लाखोंमधल्या पाचपन्नास ते आत घेतात.

बंदूक संथराव चालवतो. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकातच उरलंय. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ आहे, निवृत्तीला दोन राहिली. हा माणूस डिशचं झाकण काढायच्या आधीही विचार करतो. मला त्याच्याबरोबर काम करायचं म्हणजे जिवावर येतं, पण त्याच्या हातून एक पेशी वाया जात नाही, हेही लिहायला हवं.

"मॅडम, हे कोणासाठी?" त्याने विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? कामासाठी."

"नाही, हे अक्षर आपल्या यादीत नव्हतं." मग म्हणतो, "तुमची भाची आली होती एकदा इथे. लाल स्वेटर. पेशी बघायचा हट्ट धरला होता तिने."

"असेल."

"खोकत होती फार. तुम्ही तिला बाहेर उभं केलंत."

डिश उघड्या होत्या. एक जंतू पडला की महिन्याचं काम मातीत. कोणीही बाहेरच उभं केलं असतं. मी त्याला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि कणांची बाटली हलवत बसला. त्याचं हे "बरं" ऐकलं की माझं टाळकं सटकतं.

मंगळवार, २ एप्रिल

काम हळू. या प्राण्याची खोड अशी की त्याच्या मोठ्या केंद्रकात एकेका जनुकाच्या दोन नाही, पंचेचाळीस प्रती असतात. आपण मारलेलं अक्षर सुरुवातीला त्यातल्या दोन-चारांतच बसतं. बाकी सगळ्या जुन्या, धडधाकट. म्हणून बदललेल्या प्रतीला एक औषध पचवायची ताकद जोडून द्यायची आणि ते औषध थोडं थोडं वाढवत न्यायचं. पेशी दुभंगताना प्रती कशाही वाटल्या जातात. जिला बदललेल्या जास्त मिळतात ती औषधात तगते, बाकीच्या मरतात. असं करत करत एक दिवस पंचेचाळीसच्या पंचेचाळीस बदललेल्या होतात. मग खरं काय ते दिसतं.

संथराव औषध थेंबाथेंबाने वाढवतोय. मी म्हटलं, "एकदम दुप्पट करा."

"सगळ्या मरतील, मॅडम."

"मग दीडपट."

"अर्ध्या मरतील आणि उरतील त्या कशा उरल्या ते आपल्याला कळणार नाही."

मी फाईल आपटली. विद्यार्थी बाहेर सटकले. हल्ली सगळेच माझ्यापासून अंतर राखून असतात, कामाला बरंच आहे ते.

बुधवार, १० एप्रिल

भावोजींचा फोन. चिंगीच्या शाळेचं शिबिर आहे, सहा ते पंधरा मे, डोंगरातल्या तळ्याकाठी. तंबू, होड्या, शेकोटी. डॉक्टरने चक्क नाही म्हटलं. दहा दिवस थोपटल्याशिवाय राहायचं नाही, आणि शिबिरात ते कोण करणार. भावोजी म्हणाले, "नुसत्या शंकेवर पोरीला कोंडून ठेवायचं का? तुझं काही कळलं तर सांग, म्हणजे पैसे भरतो."

मग चिंगी फोनवर. "मावशी, मी कधीच कुठे गेले नाहीये. वर्गात मला इंजिन म्हणतात."

"कोण म्हणतं? नाव सांग."

"सगळे. नाव सांगून काय होणार? तुझे किडे काय म्हणतात ते सांग."

म्हटलं, लवकरच सांगते.

फोन ठेवल्यावर मी त्या डॉक्टरीणबाईंना चांगलं तोंडभर बोलले, रिकाम्या खोलीत. नक्की माहीत नसताना एका मुलीचं बालपण अडवायचं, याला काय म्हणावं? आधी सहा जणांनी नको ते निदान केलं, आता ही निदान न करताच बंदी घालते. मग आरशात बघितलं तर कपाळाची शीर फुगली होती. संथरावला उद्या सांगणार आहे, वीस तारखेच्या आत मला पेशी हव्यात.

मंगळवार, २३ एप्रिल

पळतात.

तीन दिवस चित्रण केलं. दोनशे पेशी मोजल्या, त्यांच्या शेजारी दोनशे साध्या. वेगात म्हणावा असा फरक नाही. चिंगीचं अक्षर अंगात घेऊन त्या काचेच्या या टोकापासून त्या टोकाला सुसाट जातात. मी सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाही. डोळे भरून आले, ते कोणी बघितलं नाही हे बरं झालं.

आणि मग संथराव. त्याने जनुकाची तपासणी लावली होती. हातात तो पट्ट्यांचा फोटो. बदललेल्या प्रतीची पट्टी ठळक. आणि जिथे जुन्या प्रतीची पट्टी येते तिथे, म्हणे, एक फिकट रेष आहे.

"डाग आहे तो," मी म्हटलं.

"डाग नेमका तिथेच पडला?"

"तुमच्या हातून पडला असेल."

त्याने फोटो पुन्हा माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "मॅडम, आत अजून जुन्या प्रती आहेत. पाच असतील, दहा असतील. पळायला तेवढ्या पुरतात. औषध वाढवत आणखी चार आठवडे जाऊ द्या."

चार आठवडे म्हणजे एकवीस मे. शिबिर सहाला. मी म्हटलं, "एकतीस वर्षांत तुम्ही एकदा तरी 'झालं' असं म्हणालात का?"

"तीनदा," तो म्हणाला. अगदी खरं उत्तर दिल्यासारखं.

मग नोंदवही पुढे केली. त्यात त्याने त्या रेषेबद्दल एक ओळ लिहिली होती, खाली माझी सही हवी होती. केली. त्याच्या समाधानासाठी कुठेही सही करीन मी, एवढं डोकं उठवलं त्याने.

गुरुवार, २५ एप्रिल

काल ताईला फोन केला. म्हटलं, "तुझी प्रत चालते. थोपटणं बंद करा, पोरीला पाठवा."

ताई रडली. "नक्की ना?"

"नक्की."

मागून भावोजींचा आवाज, "मी म्हणतच होतो." या माणसाला कधी नव्हे ते बरोबर ठरवलं मी. चिंगी मागे ओरडत होती, काय ते कळलं नाही, पण आनंदाचं होतं.

मी म्हटलं, "आमच्याकडची प्रत आहे ती, चालणारच." ताई हसली रडता रडता.

आज डॉक्टरचा फोन. ताईने तिला कळवलं होतं. अगदी गोड आवाजात विचारलं, हे कुठे छापून आलंय का, दुसऱ्या कोणी करून बघितलंय का. "तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी तुमच्या जागी असते तर थोपटणं थांबवलं नसतं." मी म्हटलं, तुम्ही माझ्या जागी नाही आहात, आणि यायला वीस वर्षं लागतील. फोन दाणकन ठेवला. रागाने.

सोमवार, ६ मे

शिबिराची बस सुटताना गेले होते. चिंगीने खिडकीची जागा धरली होती. दहा दिवस थोपटणं नाही, वाफ नाही, पोरगी नुसती उधळलेली. खोकला थोडा जड वाटला. बसच्या धुरामुळे असणार, चालकाने इंजिन उगाच चालू ठेवलं होतं. मी त्याला जाऊन दोन शब्द सुनावले.

शनिवार, ११ मे

सकाळी ताईचा फोन. चिंगीला शिबिरातून परत आणलं. ताप एकशे तीन, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात. रुग्णालयात भरती केलंय.

शिबिरातल्या शाळेच्या बाईंनी तीन दिवस ताप लपवला. नाही, चिंगीने लपवला, म्हणे, परत पाठवतील म्हणून. पण बाईंना डोळे नाहीत का? मी शाळेत फोन करून मुख्याध्यापिकेला फाडून खाल्लं. ओल्या तंबूत झोपवता, ओल्या गाद्या देता, तापमापक ठेवत नाही. ती माफी मागत होती, मी ऐकत नव्हते. तक्रार करणार आहे. लेखी.

सोमवार, १३ मे

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग भरलाय. हाताला सलाईन, नाकाला नळी. पलंगावर एवढीशी दिसते. मी तिच्या पायाला हात लावला तर म्हणाली, "होडीत बसले मी. दोनदा."

डॉक्टरने ताईला विचारलं, "थोपटणं कधी थांबवलं?" सरळ विचारलं, दोष न देता. ताई म्हणाली, "पंचवीस तारखेला." कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. मीच बोलत सुटले. तंबूतला ओलावा, बाईंचा हलगर्जीपणा, तळ्याचं थंड पाणी. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चला, मुलीला कुशीवर घेऊ या," आणि स्वतः थोपटायला लागली.

मी बाहेर येऊन गाडीत बसले. साडेचार वाजेपर्यंत तिथेच होते. चावी फिरवायचं सुचलं नाही.

गुरुवार, १६ मे

सकाळी संथराव माझ्या खोलीत आला. हा माणूस माझ्या खोलीत कधी येत नाही, बोलावलं तरी दारात उभा राहतो. म्हणाला, "सूक्ष्मदर्शकाखाली एक डिश लावलीय."

बघितलं. तळाला पेशी पडलेल्या. काही जागच्या जागी गिरक्या घेत होत्या, काही मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. दुभंगलेल्या जोड्या एकमेकींपासून सुटलेल्याच नव्हत्या. या पेशी दोन दिशांना पोहून एकमेकींपासून तुटतात. केसांत जोर नसेल तर तशाच चिकटून राहतात. अशा तीन-तीन, चार-चारच्या माळा होत्या.

"कोणती जात आहे ही?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं होतं.

"आपलीच, मॅडम. मी औषध वाढवत राहिलो. चार दिवसांपूर्वी शेवटची जुनी प्रत गेली. सुटत नव्हत्या म्हणून बाटली हलत्या फळीवर ठेवली, हिसक्यांनी सुटतात थोड्या. नाहीतर जगल्याच नसत्या." त्याने पट्ट्यांचा नवा फोटो ठेवला. फिकट रेष नव्हती.

मी त्याच्यावर ओरडले. मला न विचारता माझ्या पेशी कशा वाढवल्या, चार दिवस का गप्प बसलात, तेव्हाच का नाही बोललात. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"चार दिवस पुन्हा पुन्हा मोजत होतो. आणि तेव्हा बोललो होतो, मॅडम," तो म्हणाला. "तेवीस तारखेला." नोंदवही उघडी होती. त्याची ओळ, खाली माझी सही. वर काही म्हणाला नाही. "बरं"ही नाही.

शुक्रवार, १७ मे

काल रुग्णालयात गेले नाही. आज गेले नाही. ताईचे चार फोन येऊन गेले.

कोणावर रागवायचं ते शोधतेय. तपासणी केंद्रावर? त्यांनी लिहिलं होतं अनिश्चित, आणि तेव्हा ते अनिश्चितच होतं. त्या डॉक्टरवर? तिने सांगितलं होतं थांबवू नका. बाईंवर, चालकावर, तंबूवर? पोरगी बसमध्ये चढली तेव्हाच तिची छाती भरलेली होती, मी कानांनी ऐकलं होतं. हा खोकला मला एका फुटावरून ओळखता यायला हवा होता. अकरा वर्षं. मी तिला मांजर द्यायला लावलं. दारात उभं केलं. आणि आत जाऊन केसांचा वेग मोजत बसले.

एका प्रतीत दोष असलेल्या माणसाला काहीही होत नाही. घरात कोणाला दमा नाही यावरून काहीही ठरत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, आणि चुकलं तर त्यांचे गुण कापते.

उद्या ताईला सांगायचंय. हे लिहितानाही वाटतंय की आधी डॉक्टरला सांगावं, मग ती ताईला सांगेल. किती नीच विचार आहे हा. लिहून ठेवते म्हणजे उद्या करता येणार नाही.

शनिवार, १८ मे

सांगितलं.

चिंगीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. भावोजी आत होते. मी म्हटलं, "ताई, तुझी प्रत चालत नाही. माझं चुकलं. पेशी तयार नव्हत्या, संथरावने थांबा म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. शिबिराच्या आधी उत्तर हवं होतं मला."

ताईला कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. नक्की ना, असं. तू काय म्हणालीस?"

"नक्की म्हणाले."

"कोणी सांगितलं होतं तुला नक्की म्हणायला? तू 'माहीत नाही' म्हणाली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं? त्या डॉक्टरने सांगितलंच ना मला, माहीत नाही म्हणून. मी थोपटत होते. रोज थोपटत होते. ऐंशी मिनिटं. माझे खांदे गेले होते पण मी थोपटत होते."

मी म्हटलं, मला वाटलं आमच्याकडची प्रत...

मग ती फुटली. मी ताईला इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. आवाज चढवला नाही, दातांवर दात ठेवून बोलली. "आमच्याकडची, आमच्याकडची. महिनाभर तेच चाललंय. माझ्याकडची आहे ती. माझ्या पोटातून तिच्यात गेलीय. तुझा काय संबंध? तुला बरोबर ठरायचं होतं. लहानपणापासून तुला फक्त बरोबर ठरायचं असतं. मांजराच्या वेळी पण. पोरगी तुझ्या डोळ्यांसमोर घुसमटत होती आणि तू आम्हाला पडदे बदला, उशा बदला, मांजर द्या. मी सगळं ऐकलं, कारण माझी बहीण शिकलेली आहे."



ती उठली. "डॉक्टरला तू सांग. माझ्यासमोर." आम्ही तशाच गेलो. मी सगळं सांगितलं, तारखांसकट. डॉक्टरने पेशींच्या माळांबद्दल दोन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न होते. मग म्हणाली, "म्हणजे आता आपल्याला नक्की माहीत आहे. उपचार ठरवता येतील." ताई खिडकीबाहेर बघत होती.

गुरुवार, २३ मे

चिंगी घरी आली. उजव्या फुप्फुसाचा एक कोपरा पूर्ववत होणार नाही. डॉक्टरने चित्र काढून दाखवलं. मी नीट बघितलं.

ताई माझ्याशी बोलत नाही. भावोजी बोलतात, तेही स्वतःवर चिडून, म्हणतात आपण दोघंही घाईचे. संथरावला मी म्हटलं की यावर लेख लिहू, तुमचं नाव पहिलं. तो म्हणाला, "आधी आणखी एकदा करून बघू." मी म्हटलं, हो.

रविवार, २ जून

सकाळी ताईचा निरोप आला, एका ओळीचा. मंगळवार, गुरुवार, रविवार संध्याकाळची पाळी तुझी, उशीर चालणार नाही. आधीच पोचले. ताईने दार उघडलं आणि आत निघून गेली.

चिंगीने वाफ घेतली होती. उशांवर पालथी झाली. मी तळहाताची वाटी केली आणि मारायला लागले. खांद्याच्या हाडाखाली, कण्यापासून दूर, ताई करायची तसं. तिची पाठ हाताला इतकी लहान लागते याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक बरगडी मोजता येते.

दहाएक मिनिटं झाली. काही सुटत नव्हतं.

"मावशी, जोरात," चिंगी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "एवढ्याने काही होत नाही. एरवी तर केवढी तणतणतेस."

ताई दारात उभी होती. किती वेळ ते माहीत नाही. "घाबरतेय ती," ती चिंगीला म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"हो," मी म्हटलं.

मग ती आत आली, माझ्या शेजारी वाकली आणि माझं मनगट धरून माझा हात चिंगीच्या पाठीवर आपटला. पुन्हा. पुन्हा. माझं मनगट दुखेल इतक्या जोरात. चौथ्या की पाचव्या फटक्याला आत काहीतरी हललं, चिंगी उठून बसली, खोकली, बराच वेळ खोकली आणि तिने भांड्यात हिरवट गोळा थुंकला. ताईने भांडं उजेडात धरून बघितलं.

"असं," ती म्हणाली, आणि माझं मनगट सोडलं. "तीस मिनिटं राहिलीत. आता एकटी कर."